पाठीतले पाणी काढू द्यावे का?

प्रश्न : माझे दीर ४१ वर्षांचे असून काटोल तालुक्यात शेती करतात. घरी दोन गाई, एक म्हैस आणि काही शेळ्या आहेत. महिनाभरापूर्वी त्यांना ताप सुरू झाला. गावाकडे विडाल चाचणी करून टायफॉइडची औषधे दोनदा दिली गेली. ताप संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचे, कंबर दुखायची, तरी ते शेतात जात राहिले. गेल्या आठवड्यात डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले आणि ते असंबद्ध बोलू लागले, म्हणून आम्ही त्यांना नागपूरला आणून दाखल केले. एमआरआय झाला. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, बहुधा टीबी असावा, पण एखादा कमी आढळणारा जंतूही असू शकतो, असे डॉक्टर म्हणतात आणि पाठीतले पाणी काढण्यासाठी संमती मागतात. सासूबाई तयार नाहीत. शेजारच्या एका बाईचे पाय त्या सुईने गेले, असे त्या सांगतात. डॉक्टरांनाच नक्की ठाऊक नसेल तर सुई कशाला, असे माझ्या यजमानांनाही वाटते. घरात दोन लहान मुले आहेत. त्यांना धोका आहे का? दिरांना मुंबईला हलवावे का? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी ‘संमती द्या, उद्यावर ढकलू नका’ एवढे तुम्हाला कळवले होते. त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हीच शंका विदर्भातल्या अनेक घरांत रुग्णाच्या खाटेशेजारी निघते आणि तिच्यापायी मोलाचे दिवस निघून जातात. तुमच्या दिरांना नेमका कोणता आजार आहे हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. ते काम त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे. मात्र त्या डॉक्टरांना निदानासाठी दोन गोष्टी लागतात, एक पाठीतले पाणी आणि दुसरी रुग्णाच्या घरची, गोठ्याची व शेताची खरी हकीकत, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या कुटुंबाच्या हातात आहेत.

आधी सुईविषयी लिहितो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीतून घालतात. तेथे मज्जारज्जू नसतो. पायांकडे जाणाऱ्या नसांची मुळे पाण्यात सुटलेल्या दोऱ्यांसारखी तरंगत असतात आणि सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे हे पाणी एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर असते आणि शरीर दिवसभरात सुमारे पाचशे मिलिलिटर नवे तयार करते, त्यामुळे तपासणीसाठी काढलेले दहा-पंधरा मिलिलिटर तासाभरात भरून निघते. जर्मनीतील कील शहरात हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली आणि तेव्हापासून ती जगभर रोज वापरली जाते. सुईनंतर काही रुग्णांचे डोके दोन-चार दिवस दुखते, कंबर ठणकते; तेवढा त्रास मात्र होऊ शकतो, हे लपवण्याचे कारण नाही. खरा धोका असतो तो मेंदूत गळू किंवा मोठी सूज असताना सुई टोचण्याचा, अथवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असताना. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी आधी एमआरआय करून घेतला. प्लेटलेटची संख्या आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली आहे ना, एवढे त्यांना अवश्य विचारा.

सासूबाईंची भीती खोटी ठरवून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी शेजारणीचे पाय गेलेले पाहिले आहेत, आणि ते खरेच असणार. परंतु मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा दुसरा जुनाट संसर्ग मज्जारज्जूच्या आवरणातही उतरतो, नसांची मुळे एकमेकांना चिकटवतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पाडतो, आणि त्यातून पाय लुळे पडतात. अशा रुग्णाची सुईही त्याच दिवसांत झालेली असते, म्हणून दोष सुईकडे जातो. डॉक्टरांना विनंती करा, की त्यांनी दहा मिनिटे सासूबाईंशीच बोलावे, तेही आपल्या बोलीत, आणि संमतीचा कागद त्यांच्यासमोर वाचून दाखवावा. आईला विश्वासात घेऊन दिलेली संमती पुढच्या लांबलचक उपचारातही उपयोगी पडते.

आता यजमानांचा प्रश्न. डॉक्टरांना नक्की ठाऊक नाही, म्हणूनच सुई हवी. काही तासांत माणसाला बेशुद्ध करणारा नेहमीचा जिवाणूजन्य मेंदूज्वर असता, तर तुमचे दीर महिनाभर शेतात जाऊ शकले नसते. हळूहळू पसरणाऱ्या संसर्गात पाण्यातील जंतूंची संख्या फार थोडी असते, ते जंतू प्रयोगशाळेत सावकाश वाढतात, आणि आधी घेतलेली प्रतिजैविके त्यांना अर्धवट दाबून टाकतात. म्हणून पाण्यात कोणत्या पेशी किती आहेत, प्रथिने किती वाढली, साखर किती घटली, हे सर्व एकत्र पाहून अंदाज बांधावा लागतो. पाण्यातील साखरेची तुलना रक्तातील साखरेशी करायची असल्याने त्याच वेळी रक्तही घेतात. दोन वेगवेगळ्या सुया पाहून घाबरू नका. टीबीचे जंतू शोधणाऱ्या जनुकीय चाचणीला पाणी जितके जास्त मिळेल तितका जंतू सापडण्याचा संभव वाढतो, त्यामुळे ‘थोडेच काढा’ असा आग्रह धरल्याने रुग्णाचे नुकसानच होते. ही चाचणी नकारार्थी आली तरी टीबी नाही असे सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा. मेंदूच्या टीबीत उशीर जिवावर बेततो, म्हणून संशय बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता औषधे सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

तरीही तुमच्या पत्रातील काही तपशील वाचून मला ब्रुसेलोसिसची आठवण झाली. संध्याकाळचा ताप, भिजवून टाकणारा घाम, कंबरदुखी, ऐकू न येणे आणि घरची जनावरे, हे सारे त्यात बसते. हा आजार गुरांचा व शेळ्या-मेंढ्यांचा. त्यात जनावर गाभडते. आजारी जनावराचे निरसे दूध पिण्याने, तसेच गाभडलेले वासरू किंवा वार उघड्या हातांनी उचलल्याने जंतू माणसात येतो. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर, तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू पाहिला, आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लीस झम्मित यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही माहिती आपल्या दुधाळ जनावरांच्या गावांत अजून घरोघरी पोहोचलेली नाही, याची मला खंत वाटते. ब्रुसेलोसिसच्या थोड्याच रुग्णांत जंतू मेंदूपर्यंत जातो. पण गेला तर ऐकण्याच्या नसेवर त्याचा विशेष रोख असतो, आणि पाण्याचा अहवाल पुष्कळदा टीबीसारखाच दिसतो.

येथे एक पेच आहे, आणि तो घरच्यांनी समजून घेतलेला बरा. टीबीच्या औषधांतील रिफाम्पिसिन हे ब्रुसेलोसिसवरही चालते. म्हणून टीबीचा उपचार सुरू केल्यावर ब्रुसेलोसिसचा रुग्णही काही दिवस सुधारल्यासारखा वाटतो, सर्वांना निदान पटते, आणि अपुऱ्या औषधांवर आजार आत धुमसत राहतो. त्याला डॉक्सिसायक्लिन आणि बहुधा सेफ्ट्रायाक्सोन यांची जोड देऊन कित्येक महिने उपचार करावे लागतात. यासाठी रक्ताची ब्रुसेला चाचणी आणि रक्ताचे कल्चर (रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) करून घ्यावे का, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. कल्चर पाठवताना ब्रुसेलाचा संशय असल्याचे प्रयोगशाळेला कळवणे आवश्यक असते, कारण एक तर बाटल्या अधिक दिवस ठेवाव्या लागू शकतात आणि दुसरे म्हणजे हा जंतू हाताळणाऱ्या तंत्रज्ञांनाच लागण होऊ शकते.

दुसरी शक्यता स्क्रब टायफसची. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात या आजाराचे अनेक रुग्ण निघाले आणि काही दगावले, तेव्हापासून हे नाव आपल्याकडे परिचित झाले. धुऱ्यावरच्या गवतात, झुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म माइट किड्याची अळी चावते. निंदण करताना, चारा कापताना ते कळतही नाही. चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, ती दुखत नाही, आणि बहुधा काखेत, जांघेत किंवा करगोट्याखाली लपलेली असते. प्रत्येक रुग्णात ती सापडतेच असे नाही, पण सापडली तर निदानाचे अर्धे काम होते, म्हणून दिरांचे अंग पुसताना त्यांच्या पत्नीने एकदा नीट पाहावे. नेहमीच्या मेंदूज्वरावर दिले जाणारे सेफ्ट्रायाक्सोन या जंतूवर चालत नाही, तर डॉक्सिसायक्लिनसारखे जुने, स्वस्त औषध चालते. महिनाभराचा ताप पाहता मला ही शक्यता थोडी कमी वाटते, तरी काटोलच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ती विचारातून वगळू नये.

आपल्या भागात मेंदूज्वर म्हटले की लोकांच्या तोंडी चांदीपुरा येते, कारण १९६५ मध्ये तो विषाणू नागपूर परिसरातच प्रथम मिळाला. तो विषाणू असून मुख्यत्वे लहान मुलांना काही तासांत गंभीर करतो. तुमच्या दिरांचे चित्र तसे नाही. आणखी काही क्वचित आढळणारे जिवाणू आहेत, ज्यांच्यामुळे डॉक्टर तुम्हाला असंबद्ध वाटणारे प्रश्न विचारतील. कान वर्षानुवर्षे वाहतो का, असे विचारतात, कारण कानातला पू हाड पोखरून मेंदूत गळू करतो. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा कुठले चूर्ण दीर्घकाळ घेतले का, असे विचारतात, कारण मातीतील नोकार्डिया हा जिवाणू अशा रुग्णांच्या फुप्फुसातून मेंदूत जातो. वयस्कर माणसे, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यात लिस्टेरिया संभवतो. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याला अॅम्पिसिलिनच लागते. मधुमेह असल्यास यादी आणखी बदलते. दिरांची साखर तपासली गेली असेलच.

म्हणून आज रात्रीच एक कागद लिहून काढा. या वर्षी गोठ्यातले कोणते जनावर गाभडले, वार कोणी काढली, दूध न उकळता कोण पिते, शेळी नवी विकत आणली का, ताप नक्की केव्हा सुरू झाला, कोणकोणत्या गोळ्या व इंजेक्शने किती दिवस दिली, घरात किंवा शेजारी कोणाला टीबी झाला होता का, कान केव्हापासून कमी ऐकू येतो, हे सर्व त्यात यावे. रिकाम्या झालेल्या औषधांच्या पट्ट्या फेकू नका, त्याही दाखवा. माझा अनुभव असा, की दवाखान्यात धावपळ करणारा शहरातला भाऊ यांपैकी निम्म्या गोष्टी जाणत नाही. त्या ठाऊक असतात वहिनींना, आणि गोठ्यात शेण काढणाऱ्या गड्याला. त्यांना फोन करा. विडाल चाचणीविषयीही येथेच सांगतो : तिच्या एकाच अहवालावर टायफॉइड ठरवणे भरवशाचे नाही, आणि दुसऱ्या तापातही ती सकारार्थी दिसू शकते. त्यामुळे ‘टायफॉइड झाला होता’ असे डॉक्टरांना सांगू नका. ‘टायफॉइडची औषधे दिली होती, ताप उतरला नाही’ असे सांगा.

मुलांविषयी. मेंदूच्या आवरणाचा टीबी हवेतून पसरत नाही, मात्र त्याच वेळी फुप्फुसातही टीबी असेल तर तो पसरतो, म्हणून दिरांच्या छातीचा एक्स-रे झाला आहे का ते पाहा. फुप्फुसात निघालाच तर त्यांच्यासोबत राहणाऱ्या सर्वांची तपासणी आणि गरजेनुसार प्रतिबंधक औषध सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळते. जन्मतः दिलेली बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून चांगले संरक्षण देते, हा तुम्हाला दिलासा. स्क्रब टायफस माणसाकडून माणसाला होत नाही. ब्रुसेलोसिस माणसाकडून माणसाला जवळजवळ होतच नाही, पण तेच दूध पिणाऱ्या घरातल्या इतरांना तो असू शकतो. कोणाला रेंगाळणारा ताप, घाम, सांधेदुखी असेल तर त्यांचेही रक्त तपासावे. भांडी वेगळी करण्याची, रुग्णाला हात न लावण्याची काहीच गरज नाही. तसे करू नका. गोंधळलेल्या मनाच्या माणसाला आपल्या माणसांचा हात हवा असतो.

औषधे दीर्घकाळ चालतील, याची मनाची तयारी आताच करा. मेंदूचा टीबी निघाला तर साधारण वर्षभर, ब्रुसेलोसिस निघाला तर काही महिने. दोन-तीन आठवड्यांत शुद्ध परत येते, माणूस जेवू लागतो, आणि नेमके तेव्हाच घरचे लोक ‘गरम पडतात’ म्हणून गोळ्या थांबवतात. तसे होऊ देऊ नका. मेंदूच्या टीबीत सुरुवातीला स्टेरॉइड देतात, त्याने मृत्यूचे प्रमाण घटते हे व्हिएतनामातील २००४ च्या अभ्यासात दिसले आहे. ते स्टेरॉइड मनाने एकदम बंद केले तर जिवाला धोका होतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याची चिंता नको. परंतु डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डॉक्सिसायक्लिन दिले तर ते बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे, दुधाबरोबर नाही. आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर लिहिली गेली आहे याची खात्री करा, कारण स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही इंजेक्शने ऐकण्याच्या नसेला इजा करतात आणि ती द्यायची की नाही हे त्यावर ठरते. त्या कानाचे ऐकणे पूर्ण परत येईलच असे मी सांगू शकत नाही. लवकर योग्य औषध मिळाल्यास शक्यता वाढते, एवढेच खरे आहे.

मुंबईला हलवू नका. या अवस्थेत रुग्णाला प्रवासात दमवण्यापेक्षा येथेच पाणी काढून निदान करणे कितीतरी सुरक्षित आहे. मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानचे एम्स आणि मेंदूविकारांची खासगी रुग्णालये असलेल्या आपल्या शहरात यातल्या बहुतेक तपासण्या होतात. न होणारा नमुना बाहेर पाठवता येतो. दुसरे मत हवेच असेल तर एमआरआयची फिल्म आणि अहवाल पाठवून घ्या. खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळते ते दाखल असतानाच विचारा.

राहिला गोठा. ब्रुसेलाची चाचणी सकारार्थी येवो अथवा न येवो, एखादे जनावर गाभडले असेल तर पशुवैद्यकांना बोलावून त्याचे रक्त तपासून घ्या. सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला मार्ग दाखवू शकेल. २०१९ पासून केंद्र सरकारच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. आपल्या कालवडीला ती मिळाली का, हे गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. माणसांसाठी अशी लस नाही. तोवर दूध उकळूनच प्यावे, धारोष्ण दुधाचा पेला मुलांना देऊ नये, पडलेले वासरू व वार हातमोजे घालून चुन्यासह खोल पुरावी, कुत्र्यांपुढे टाकू नये, आणि घरातल्या गर्भवतीने त्या कामाला हात लावू नये. जनावरांचा अहवाल आला की त्याची एक प्रत दिरांच्या डॉक्टरांना नेऊन द्या. माणसाच्या अहवालात जे संदिग्ध राहते, त्याचा उलगडा कधी कधी त्या कागदावरून होतो.